फेसाची भुरळ आणि फेसाची भीति



शाळा उघडून दोन आठवडेहि झाले नव्हते. आठवीच्या वर्गांत आम्ल आणि अल्क यांचा पाठ चालला असतां एका मुलीनें हात वर केला आणि विचारलें, "सर, शाम्पूमध्यें सल्फेट असतें आणि त्यानें कर्करोग होतो, हें खरें आहे का? आईनें काल घरांतल्या दोन्ही बाटल्या फेकून दिल्या." वर्गांत हंशा पिकला, परंतु ती मुलगी हंसत नव्हती. तिच्या मातोश्रींना कोणा आप्तानें मोबाइलवर एक मजकूर धाडला होता, आणि त्यांत पुष्कळ उद्गारचिन्हें होतीं. मीं तिला "कर्करोग होत नाहीं, घाबरूं नकोस" एवढें सांगितलें आणि फळ्याकडे वळलों. माझें उत्तर चुकीचें नव्हतें, पण अपुरें होतें. तें पुरें करण्याचें ऋण माझ्यावर राहिलें आहे, आणि त्या ऋणांत दुसऱ्या एका व्यक्तीचाहि वांटा आहे. तिची हकीकत पुढें येईल.

ज्या द्रव्यापायीं त्या बाटल्यांना घराबाहेर जावें लागलें, त्याचें नांव सोडियम लॉरिल सल्फेट; आणि त्याचें जरा सौम्य केलेलें भावंड म्हणजे सोडियम लॉरेथ सल्फेट. व्यापारी लोक पहिल्याला एस. एल. एस. आणि दुसऱ्याला 'स्लेस' म्हणतात. हें द्रव्य कोठें तरी परदेशांत तयार होऊन आपल्या घरांत शिरलें आहे अशी कोणाची समजूत असेल, तर त्यानें तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीची वाट धरावी. १९८० सालीं निघालेली गॅलॅक्सी सर्फॅक्टंट्स ही कंपनी या जातीचीं द्रव्यें करणाऱ्या मोठ्या कंपन्यांपैकीं आहे. तिची मुख्य कचेरी आपल्या नवी मुंबईंत आहे. कारखाने तारापूर, तळोजें, गुजराथेंतील झगडिया आणि थेट इजिप्त देशांत आहेत. आमच्या पालकांपैकीं कित्येक जण तळोज्याच्या आणि ठाणें-बेलापूर रस्त्यावरच्या निरनिराळ्या रसायनांच्या कारखान्यांत रोज कामावर जातात. म्हणजे ज्या धंद्यावर एका घरची चूल पेटते, त्याच धंद्याचा माल शेजारच्या घरांत विष म्हणून कचऱ्याच्या डब्यांत पडतो, असा हा प्रकार आहे. अशा वेळीं शाळेनें मौन धरणें बरें नव्हे.

या द्रव्याचा जन्म तेलांतून होतो. नारळाच्या किंवा पाम वृक्षाच्या बियांच्या तेलापासून लॉरिल अल्कोहोल नांवाचा पदार्थ काढतात. (अल्कोहोल या शब्दानें कोणी दचकूं नये, पिण्याच्या मद्याशीं त्याचा नात्यापुरताच संबंध आहे.) त्यावर सल्फर ट्रायऑक्साइडची क्रिया घडवून कॉस्टिक सोड्यानें त्याचें आम्लत्व मारलें, कीं एस. एल. एस. तयार झालें. मधल्या पायरीला एथिलीन ऑक्साइड या वायूचा संयोग करून घेतला, तर तयार होतें तें स्लेस. हें दुसरें द्रव्य त्वचेला अधिक मानवतें, म्हणून शाम्पूंत आणि हात धुण्याच्या द्रवांत प्रायः तेंच असतें. पहिलें विशेषेंकरून दंतमंजनाच्या ट्यूबमध्यें आढळतें. बाजारांत स्लेस येतें तें शंभरांत सुमारें सत्तर भाग द्रव्य असलेल्या दाट, पांढुरक्या लगद्याच्या रूपानें. घरीं फिनेल आणि भांड्यांचा द्रव करून विकणाऱ्या भगिनींना हा लगदा चांगला परिचयाचा आहे.

त्याची करामत समजावयास सोपी आहे. त्याच्या प्रत्येक रेणूला जणूं एक डोकें आणि एक शेपूट असतें. डोक्याला पाण्याची आवड, शेपटाला तेलाची. पाण्याचे रेणु एकमेकांस घट्ट धरून ठेवतात, त्यामुळें पाण्याच्या पृष्ठभागावर ताणलेल्या पडद्यासारखा एक ताण असतो. हें द्रव्य त्या पृष्ठभागावर जाऊन बसलें कीं तो ताण निम्म्याहून खालीं येतो. बशींतील पाण्यावर मिरपूड भुरभुरून मध्यें साबणाचें बोट टेकवा. मिरपूड कशी चहूंकडे पळते तें पाहा. मळ हा बहुधा तेलकट असतो. रेणूंचीं शेपटें त्या तेलांत रुततात, डोकीं बाहेर पाण्याकडे राहतात, आणि मळाचा एकेक कण चहूंबाजूंनीं वेढला जाऊन पाण्याबरोबर निघून जातो. कोरोनाच्या विषाणूवर चरबीचें एक पातळ आवरण असतें, तें याच रीतीनें फाटतें. साध्या साबणानें वीस सेकंद हात धुवा असें जगांतील वैद्य सांगत होते, तें याकरितां.

आपल्या आज्या-पणज्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हतें. पण रिठा आणि शिकेकाई यांच्या फेसाचा गुण त्यांनीं ओळखला होता. त्या फळांतील सॅपोनिन हें याच डोकें-शेपूट जातीचें द्रव्य होय. शाम्पू हा शब्दसुद्धां आपल्याच 'चंपी'चा सख्खा भाऊ आहे. पाटण्याकडील शेख दीन महंमद या गृहस्थानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांत ब्रायटन येथें चंपीचीं स्नानगृहें काढलीं, आणि तो शब्द तिकडे रुजला. खार आणि साबण हे तर त्याहूनहि कितीतरी जुने. यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथांत दुसऱ्या अध्यायांत दोहोंचा उल्लेख आहे. कृत्रिम फेसद्रव्यांचा जन्म मात्र टंचाईंतून झाला. पहिल्या महायुद्धांत जर्मनींत चरबी मिळेना, तेव्हां तेथील रसायनशास्त्रज्ञ साबणाऐवजीं दुसरें कांहीं शोधूं लागले. १९३२ च्या सुमारास तेलापासून काढलेल्या अल्कोहोलचे सल्फेट तेथें बाजारांत आले; १९३४ सालीं अमेरिकेंत त्यांचा शाम्पू निघाला. साबणाला कठीण पाण्याचें वांकडें असतें. विहिरीच्या किंवा बोअरच्या खारट पाण्यांत साबणाचा दहीसारखा साका होतो आणि फेस येत नाहीं. या नव्या द्रव्याला ती अडचण नाहीं. आपल्या देशांत १९५९ सालीं सर्फ आणि १९६९ सालीं निरमा आली, तेव्हांपासून कृत्रिम फेसद्रव्यांचा फेस आपल्या मोरींत कायमचा राहावयास आला.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळतों. माझें म्हणणें असें आहे, कीं आपण या फेसाच्या बाबतींत दोन चुका करीत आहों. एक चूक भुरळीची आणि दुसरी भीतीची. आणि या दोन्ही चुकांच्या गडबडीत ज्याला खरी इजा होते त्याच्याकडे आपलें लक्षच जात नाहीं.

भुरळीची गोष्ट अगोदर. फेस म्हणजे स्वच्छता, जितका फेस अधिक तितकी वस्तु निर्मळ, हा समज आपल्या मनांत घट्ट बसला आहे. परंतु फेस म्हणजे काय? पातळ पापुद्र्यांत कोंडलेली हवा. मळ काढण्याचें काम पाण्यांतले रेणु करतात, हवा करीत नाहीं. तेल चोपडलेल्या केसांना पहिल्या वेळीं शाम्पू लावला, तर फेस धड येत नाहीं. दुसऱ्या वेळीं भरपूर येतो, हा अनुभव प्रत्येक घरांतला आहे. याचा अर्थ असा, कीं तेलाशीं झगडा चालू असतां द्रव्य त्यांतच गुंतलेलें होतें. झगडा संपल्यावर जें शिल्लक राहिलें तें फेसाच्या रूपानें वर आलें. ढीगभर फेस दिसतो तेव्हां धुण्याजोगें फारसें उरलेलें नसतें! कपडे धुण्याच्या यंत्रांत घालावयाची पावडर तर मुद्दाम कमी फेसाची करतात, आणि कपडे त्यानें स्वच्छ निघतातच. पण जाहिरातींत फेसाचे ढग दाखविल्यावांचून बाटली खपत नाहीं, म्हणून कारखानदार फेस देतो. त्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं. गिऱ्हाइकानें मागितलें तें त्यानें दिलें.

दाटपणाचीहि तीच कथा. दाट द्रव म्हणजे कसदार, पातळ म्हणजे पाणी घातलेला, असें आपण दुधावरून शिकलों आहों. स्लेसच्या द्रावणाला दाटपणा येतो तो पुष्कळदां साध्या मिठानें. पातळ द्रावणांत मीठ घालीत गेलें तर तें घट्ट होत जातें. आणि एका मर्यादेपलीकडे आणखी मीठ घातलें तर उलट पुन्हां पातळ होतें. म्हणजे बाटली उलटी केल्यावर जो दाट थेंब सावकाश ओघळतो आणि आपलें मन प्रसन्न करतो, त्याच्या दाटपणाचें श्रेय मिठाच्या बरणीकडे जातें.

हें सर्व मी आज मोठ्या तोऱ्यानें लिहीत आहे. पण चार-पांच वर्षांपूर्वीं मी स्वतः या भुरळीला बळी पडलों होतों. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं शहरांतील आठवीपासूनचे वर्ग पुन्हां उघडले, तेव्हां शाळेच्या प्रत्येक नळापाशीं हात धुण्याचा द्रव ठेवणें अवश्य होतें. विकतचा द्रव महाग, म्हणून विज्ञानमंडळाच्या मुलांकडून तो करवून घ्यावा अशी कल्पना माझ्या डोक्यांत आली. आम्हीं लगदा आणला, बादलींत पाणी घेतलें, रंग आणि लिंबाचा वास घातला, मीठ टाकून द्रव दाट केला. वजनकांटा प्रयोगशाळेंत होता, पण तो आणावयास कोण जातो! लगदा अंदाजानें घातला. फेस पाहून मुलें टाळ्या वाजवीत, म्हणून आणखी घातला. मुख्याध्यापकांनीं सर्वांसमक्ष कौतुक केलें. त्या द्रवानें दिवसांतून दोन वेळां हात धुणाऱ्या मुलांना कांहीं झालें नाहीं.

झालें तें आमच्या शाळेंत झाडलोट करणाऱ्या मावशींना. फरशी, बांकें, नळ, प्रसाधनगृहें, सर्व कांहीं त्या त्याच द्रवानें धूत. आणि फेस चांगला येतो म्हणून त्या तो बादलींत हात बुडवून सढळपणें वापरीत. नाताळच्या सुट्टीच्या आधीं एके दिवशीं त्या विज्ञानखोलीच्या दारांत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सर, रागावूं नका. दिवसा कांहीं वाटत नाहीं. पण रात्री भाकरीच्या पिठांत मीठ टाकून मळायला घेतलं कीं जीव जातो." त्यांनीं हात पुढें केले. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून सोलली होती, आणि सांध्यांवर बारीक चिरा होत्या. माझ्या मनांत पहिल्यानें काय आलें तें सांगतांना लाज वाटते. मला वाटलें, ह्या जरुरीपेक्षां जास्त द्रव वापरतात, ह्यांचीच चूक आहे. जास्त द्रव मीं स्वतः बादलींत घातला होता, हें मला त्या वेळीं सुचलें नाहीं.

मी त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलों. डॉक्टरांनीं हात पाहिले, मलम लिहून दिलें, आणि माझ्याकडे वळून जें सांगितलें तें मला आमच्या महाविद्यालयांत कोणी शिकविलें नव्हतें. त्वचेवर कृत्रिम दाह उत्पन्न करून त्यावर एखादें मलम किती चालतें हें पाहावयाचें असेल, तेव्हां संशोधक एस. एल. एस.चेंच सौम्य द्रावण पट्टीखालीं घालून चोवीस तास त्वचेवर बांधून ठेवतात. दाह उत्पन्न करणारा तो एक ठरलेला पदार्थ आहे. कारण उघड आहे: जी शेपटें मळाच्या तेलांत रुततात, तींच त्वचेच्या स्वतःच्या स्निग्ध थरांतहि रुततात. तो थर म्हणजे विटांमधला चुना. तो वाहून गेला कीं आंतलें पाणी उडतें आणि बाहेरचें सर्व कांहीं आंत शिरतें. मात्र शाम्पू डोक्यावर राहतो मिनिट-दोन मिनिटें, आणि लगेच पुष्कळ पाण्यानें धुतला जातो. मावशींचे हात त्यांत राहिले रोजचे चार तास. द्रव्य एकच, फरक पडला तो प्रमाणाचा आणि वेळेचा.

आतां भीतीविषयीं. त्या मुलीच्या मातोश्रींना आलेला मजकूर नवा नाहीं. सल्फेटनें कर्करोग होतो ही आवई १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इ-मेलमधून जगभर फिरूं लागली, आणि अमेरिकन कॅन्सर सोसायटीनें ती निराधार असल्याचें त्याच काळांत सांगून टाकलें. तत्पूर्वीं १९८३ सालीं अमेरिकेंतील सौंदर्यप्रसाधनांच्या घटकांची परीक्षा करणाऱ्या तज्ज्ञमंडळानें एस. एल. एस.वर आपला अहवाल दिला होता. त्याचा निष्कर्ष थोडक्यांत असा: थोडा वेळ लावून मग पाण्यानें पूर्णपणें धुऊन टाकावयाच्या वस्तूंत तें निर्धोक आहे, पण त्वचेवर लावून ठेवावयाच्या वस्तूंत त्याचें प्रमाण शेंकडा एकापेक्षां जास्त असूं नये. पाहा, त्या तज्ज्ञांच्या मनांतहि प्रमाण आणि वेळ हेच दोन शब्द होते. मावशींचे हात पाहून मी जें पुष्कळ उशिरां शिकलों, तें चाळीस वर्षांपूर्वीं छापलेलें होतें.

तरीहि भीतीला अगदींच आधार नाहीं असें म्हणणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. स्लेस बनवितांना एथिलीन ऑक्साइडच्या संयोगामुळें १,४-डायऑक्सेन नांवाचा एक पदार्थ अल्प अंशानें आपोआप तयार होतो. त्याला मनुष्याच्या बाबतींत संभाव्य कर्करोगकारक अशा वर्गांत आंतरराष्ट्रीय कर्करोगसंशोधन संस्थेनें घातलें आहे. कारखान्यांत निर्वात पद्धतीनें तो काढून टाकतां येतो, आणि चांगले कारखाने तो काढतात. युरोपांतील शास्त्रज्ञांच्या समितीनें २०१५ सालीं दहा लाख भागांत दहा भागांपर्यंत तो असल्यास धोका नाहीं असें मत दिलें. न्यूयॉर्क राज्यानें अंग धुण्याच्या वस्तूंपुरती ही मर्यादा २०२२ अखेर दोन भाग आणि २०२३ अखेर एक भाग इतकी खालीं आणली. मला वाटतें, सुज्ञ नागरिकानें याच ठिकाणीं प्रश्न विचारावयाचा असतो. "सल्फेट आहे कीं नाहीं?" असें विचारण्यापेक्षां "मालांत डायऑक्सेन किती आहे, आणि तो तपासतें कोण?" असें विचारणें अधिक उपयोगाचें आहे. पण हा प्रश्न मोबाइलवर फिरत नाहीं; त्याला उद्गारचिन्ह लागत नाहीं.

बाटल्या फेकून दिल्यावर त्या मातोश्रींनीं काय आणलें? 'सल्फेटविरहित' असें ठळक अक्षरांत लिहिलेली, पहिल्यापेक्षां महाग बाटली. मुलीनें मला तिचें लेबल आणून दाखविलें. आपल्या देशाच्या २०२० च्या प्रसाधनविषयक नियमांप्रमाणें शेंकडा एकापेक्षां अधिक असलेले घटक उतरत्या प्रमाणानें छापावे लागतात, म्हणून लेबल हें वाचण्यासारखें वाङ्मय आहे. पहिलें नांव पाण्याचें होतें, तें बहुतेक सर्वांतच असतें. आणि त्याच्या खालोखाल कोकामिडोप्रॉपिल बीटेन नांवाचें दुसरें फेसद्रव्य. तें सौम्य आहे, डोळ्यांना कमी झोंबतें, लहान मुलांच्या शाम्पूंत तें याचसाठीं घालतात. पण २००४ सालीं अमेरिकेंतील त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संस्थेनें त्या वर्षींचा लक्ष ठेवण्याजोगा अॅलर्जीकारक पदार्थ म्हणून त्याचेंच नांव जाहीर केलें होतें! सर्वांना त्यापासून त्रास होतो असें मुळींच नाहीं, थोड्यांना होतो. ज्याला सल्फेट मानवत नाहीं, ज्याला इसब आहे किंवा ज्याच्या तोंडांत वारंवार फोड येतात, त्यानें वैद्याच्या सल्ल्यानें दुसरी वस्तु अवश्य घ्यावी. परंतु केवळ भयापोटीं धांवणाऱ्याचें आगींतून उठून फुफाट्यांत पडणें होण्याचा संभव असतो. 'नैसर्गिक' या शब्दाचीहि तीच गत. रिठ्याचें पाणी डोळ्यांत गेलें आहे कोणाच्या? ज्याच्या गेलें असेल त्याला तें निसर्गाचें देणें म्हणून गोड लागलें नसेल. सॅपोनिन असलेल्या वनस्पति ठेंचून पाण्यांत टाकल्या कीं मासे गुंगून वर येतात, ही युक्ति अनेक देशांतील रानांत राहणाऱ्यांना पूर्वापार माहीत आहे.

येथें जातां जातां विद्यार्थ्यांना एक गंमत सांगतों. सकाळीं दांत घांसून लगेच मोसंब्याचा रस प्यायलांत तर तो कडू लागतो. ट्यूबमधील एस. एल. एस. जिभेवरच्या गोडी ओळखणाऱ्या यंत्रणेला थोडा वेळ दाबून ठेवतें, म्हणून. त्यांत घाबरण्यासारखें कांहीं नाहीं. थोड्या वेळानें जीभ पूर्ववत् होते. मात्र ब्रशवर वाटाण्याएवढेंच मंजन घ्यावें, आणि धाकट्या भावंडांना तें गिळूं देऊं नये.

आपल्या मोरींतून फेस वाहून गेला म्हणजे आपला त्याचा संबंध संपला असें आपण धरून चालतों. १९५० नंतरच्या दशकांत युरोप-अमेरिकेंतील नद्यांवर फेसाचे डोंगर तरंगूं लागले होते. त्या वेळच्या धुण्याच्या द्रव्याच्या शेपटाला फांद्या होत्या, आणि पाण्यांतल्या सूक्ष्म जंतूंना तें शेपूट खातां येत नव्हतें. पश्चिम जर्मनीनें १९६१ सालीं कायदा केला, कारखानदारांनीं सरळ शेपटाचें द्रव्य काढलें, आणि नद्यांवरचा तो फेस ओसरला. एस. एल. एस. आणि स्लेस हीं दोन्ही जंतूंना पचतात, ही त्यांची जमेची बाजू. पण पचावयाला जंतु हवेत, प्राणवायु हवा आणि वेळ हवा. म्हणजेच सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांतून जावयास हवें. जेथें तें सरळ नाल्यांत सोडलें जातें, तेथें काय होतें तें आळंदीला दिसतें. २०२४ सालींहि इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे थर तरंगतांना लोकांनीं पाहिले. कारखान्यांचें आणि वस्त्यांचें न शुद्ध केलेलें पाणी त्यांत येतें. ज्या घाटावर वारकरी श्रद्धेनें स्नान करतात, तेथें हा फेस! आपण दुसऱ्या धर्माचे आहों म्हणून आपल्याला त्याचें दुःख कमी व्हावें असें कांहीं नाहीं. आणि आळंदीपर्यंत जावयास कशाला पाहिजे? आपल्या पलीकडची कासाडी नदी आहे. २०१७ च्या ऑगस्टांत तळोज्याकडे निळीं झालेलीं कुत्रीं फिरत होतीं, तें दृश्य आमच्या कित्येक माजी विद्यार्थ्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. तो रंगाचा प्रताप होता, फेसाचा नव्हे. पण नाल्यांत काय सोडलें जातें याची कोणाला पर्वा नव्हती हें त्यांतून उघड झालें. आपल्या भागांतील पाणी शेवटीं ठाण्याच्या किंवा पनवेलच्या खाडीला मिळतें. त्यांपैकीं ठाण्याची खाडी २०२२ सालीं रामसर यादींत गेली. तेथें रोहित पक्षी उतरतात आणि कोळी बांधव जाळीं टाकतात.

तेव्हां पालकांपाशीं माझें मागणें फार थोडें आहे. शाम्पू फेकूं नका. तो अर्धाच घ्या आणि केस नीट धुवा. घरीं भांड्यांचा द्रव करणाऱ्या भगिनींनीं लगदा वजनानेंच मोजावा. आणि अॅसिड स्लरी नांवाचा जो काळपट द्रव बाजारांत मिळतो, त्याला उघडा हात कधींहि लावूं नये, कारण तें नांवाप्रमाणें तीव्र आम्लच आहे. आणि एक गोष्ट जरा आग्रहानें सांगतों. आपल्या घरीं धुणें-भांडीं करावयास येणाऱ्या ताईंच्या हातांकडे एकदां पाहा. कर्करोगाच्या भीतीनें स्वतःसाठीं महाग बाटली आणणारें घर त्या ताईंच्या पुढ्यांत मात्र बाजारांतला सर्वांत जहाल द्रव ठेवतें, कारण भांडीं चकचकीत निघावयास हवीं असतात. आपल्या डोक्यावर दोन मिनिटें राहणाऱ्या द्रव्याची आपल्याला धास्ती वाटते, आणि तीन घरांत मिळून रोज तीन तास त्यांत बुडणाऱ्या हातांचा विचार मनांत येत नाहीं. रबरी हातमोज्यांची एक जोडी आणि कामानंतर लावावयास खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन, एवढ्याचा खर्च त्या महाग बाटलीहून जास्त होत नाहीं. आमच्या शाळेंतील मुलांपैकीं कित्येकांच्या आयाच हें काम करतात, हें मला ठाऊक आहे. म्हणून हें वाक्य लिहितांना मला कोणा परक्याविषयीं लिहीत असल्यासारखें वाटत नाहीं.

शाळेंतला द्रव आम्हीं सोडला नाहीं. आतां तो वजनकांट्यावर मोजून होतो, आणि त्यांत लगदा पूर्वीच्या निम्म्याहून कमी पडतो. मीठ चिमूटभर घालतों, तें केवळ बाटलींतून द्रव भसकन् सांडूं नये म्हणून. मावशींना हातमोजे दिले आहेत. ते घालून फरशीचा चिकटपणा बोटांना कळत नाहीं, अशी त्यांची तक्रार आहे आणि ती खरी आहे. पण त्यांच्या हातांवरच्या चिरा भरल्या.

परवां पांचवींतला एक मुलगा नळापाशीं उभा राहून बाटली पुन्हां पुन्हां दाबीत होता. सायकलची साखळी बसवितांना त्याचे हात वंगणानें काळे झाले होते. "सर, ह्याला फेसच येत नाहीं," तो म्हणाला. मीं त्याला दोनच थेंब घेऊन वीसपर्यंत अंक मोजीत हात चोळावयास सांगितलें. त्यानें मोजले, धुतले, आणि दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले. वंगण निघालें होतें. "पण फेस पाहिजे होता, सर," असें म्हणून तो वर्गाकडे पळाला.